आत्यांचा आठवा महिना

आत्या, मला तुमच्याकडे येऊ दिलं नाही. फोन आला तेव्हा अविनाश दाढी करत होता. अर्ध्या दाढीनिशीच तो चपला शोधत घरभर फिरला आणि मी त्याच्यामागे पिशवी भरत राहिले. त्याचे कपडे भरले, अनूचे भरले, माझी साडी घडी करायला घेतली तेव्हा त्याने माझा हात धरला. "तू नको," तो म्हणाला. "आठवा आहे तुला. पोटुशी बाईनं मयताचं तोंड बघायचं नसतं. तिथं बाया तुलाच बोलतील आणि मला ते आज ऐकवणार नाही." एरवी मी त्याच्याशी भांडले असते. पण त्याचा एक गाल फेसानं पांढरा होता आणि त्याची आई गेली होती. अनूचे कपडे काढून ठेवून मी पिशवीची चेन लावून दिली.

मग सांगलीहून माझ्या आईचा फोन आला. तिचंही तेच. "जाऊ नकोस हं. घरातूनच हात जोड." मी साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत अनूला जवळ घेऊन बसले. हात कुठे जोडायचे तेही कळेना. तुमचा एकटीचा फोटोच नाही आमच्याकडे. जो आहे त्यात तुम्ही तान्ह्या अनूला मांडीवर घेऊन बसलाय आणि तिच्या टोपड्यामागे तुमचं अर्धं तोंड झाकलंय. उरलेल्या अर्ध्या तोंडाला मी हात जोडले. अनूनं विचारलं, "आजी कुठाय?" मी म्हटलं, "वडूजला." दुसरं काय सांगणार, मी तुम्हाला गेलेलं पाहिलंच नाही.

तेरावा होईपर्यंत मी साताऱ्यातच होते. वडूजमध्ये सगळं पार पडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही अजून ओसरीवर पाय पसरून गहू निवडताय. बाया म्हणतात, बरंच झालं, या दिवसांत मनाला लागलं असतं. मला नाही तसं वाटत. ज्या आठव्या महिन्यानं मला तुमच्यापासून लांब ठेवलं, त्याच्यावरून तुमचं-माझं जुनं भांडण आहे. ते अजून मिटलेलं नाही, आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

लग्न करून आले तेव्हा मी तुम्हाला 'आई' म्हटलं होतं. तुम्ही लगेच थांबवलंत. "आई सांगलीला हाय न्हवं तुजी? मग मला आत्या म्हण. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणत्यात." मला तेव्हा ते जरा तोडून बोलल्यासारखं वाटलं. पुढे कळलं, दुसऱ्या बाईची जागा घ्यायची नाही हा तुमचा कायदाच होता. म्हणून तर तुम्ही जे केलंत त्याचं मला एवढं नवल वाटलं. आयुष्यात तुम्ही दुसऱ्या बाईचं काही घेतलं असेल तर ते एकदाच, आणि ते माझ्या आईचं.

अनूच्या वेळचा उन्हाळा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच होतं. सातव्यात न्यायचं, नाहीतर मग थेट नवव्यात. आठव्यात पोरीला घरातून हलवायचं नाही, नदी ओलांडायची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आणि माझ्या आईला तर त्याहून जास्त ठाऊक. माझ्या डोहाळजेवणासाठी आम्ही वडूजला आलो. तुम्ही अंगणात मांडव घातलात, गल्ली जेवायला बोलावली, हिरवी साडी, फुलांचे गजरे, सगळं यथासांग. अविनाश कामासाठी साताऱ्याला परतला. चार दिवसांनी माझा भाऊ महेश गाडी घेऊन मला न्यायला येणार होता. मध्ये अमावास्या होती. त्या अमावास्येकडे माझं लक्ष नव्हतं, तुमचं होतं.

महेश आला. तुम्ही त्याला पोहे दिलेत, चहा दिलात, आंब्याची पेटी दाराशी आणून ठेवलीत. आणि तो बॅग उचलायला वाकला तेव्हा शांतपणे म्हणालात, "महेशराव, आंबं घेऊन जावा. पोरगी काय आता निघायची न्हाई. आमावशेला आठवा लागला."

मी मोबाइल घेऊन आले. त्यात आठवडे मोजून ठेवलेले होते. सातवा अजून सरायचा होता, आणि तसं डॉक्टरांनीही सांगितलं होतं.

"डॉक्टर आठवडं मोजत्यात," तुम्ही म्हणालात. "आपुन आमावशा मोजतो. त्येंचं त्येंच्यापाशी."

"आणि नदी कुठं आहे वाटेत?" मी विचारलं.

"येरळा न्हाई व्हय?"

"येरळेत पाणी कुठंय, आत्या? पोरं क्रिकेट खेळतायत तिथं."

"पानी न्हाई म्हणून नदी न्हाई व्हय ती? तुजा नवरा आज साताऱ्याला हाय, म्हणून तू बिननवऱ्याची झालीस का?"

महेशला हसू आवरेना. त्याने आईला फोन लावला. आई एवढी मास्तरीण, पोरांना विज्ञान शिकवणारी, पण 'आठवा लागला' हे शब्द ऐकले आणि तिचा आवाजच बदलला. "लागला म्हणतायत ना त्या? मग नको रे बाबा. राहू दे तिला. नवव्यात नेऊ." महेश आंब्याची पेटी घेऊन एकटाच परत गेला. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. माझी आई, माझी खोली, माझ्या मैत्रिणी, सगळं सांगलीत, आणि मी भर उन्हाळ्यात वडूजमध्ये, जिथे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत. कैरीच्या फोडी करायच्या, वर तिखट-मीठ टाकायचं, वाटी माझ्यापुढे ठेवायची आणि निघून जायचं. मी वाटी संपवायची आणि पुन्हा अबोला धरायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी माझे पाय एवढे सुजले की चपलेत मावेनात. तुम्ही गोठ्यातलं घमेलं घासून आणलंत, रांजणातल्या पाण्यानं भरलंत, लिंबाखाली ठेवलंत. "बुडीव पाय," म्हणालात. मग काय मनात आलं कोण जाणे, तुम्हीही लुगडं घोट्यावर घेऊन समोर बसलात आणि त्याच घमेल्यात पाय घातलेत. सासू-सुनेचे चार पाय एका घमेल्यात. तुमच्या टाचांच्या भेगा माझ्या पायाला लागल्या. मला हसू आलं आणि अबोला तिथेच संपला.

त्यानंतर ते घमेलं आपली रोजची बैठक झालं. गल्लीतल्या बाया येता-जाता थांबायच्या. कुणी कुरडईचं पीठ कसं बिघडलं ते सांगायची, कुणी सुनेची तक्रार घेऊन यायची. तुम्ही तेव्हा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. मला ते फार आवडायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर दुसऱ्यांच्या सुनांची तक्रार ऐकताना तुम्ही माझ्या बाजूच्या आहात असं वाटायचं.

त्यातच एकदा जैनबभाभी आल्या. बांगड्यांची टोपली डोक्यावरून उतरवून घमेल्याशेजारी बसल्या. डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या चुड्यातली एक बांगडी पिचली होती, ती बदलायची होती. तुम्ही चहा टाकायला आत गेलात. भाभींनी माझा हात हातात घेऊन दाबून बघितला, बोटं गोळा केली, हलक्या हातानं बांगडी वर चढवत म्हणाल्या, "पोरी, या गल्लीतल्या घराघरांत मी पहिलटकरणींना बांगड्या भरल्या. लेकी येत्यात न्हवं बाळंतपणाला. ह्या एका घरात तुज्या आदी कवा आले न्हाई. आक्काला एकच ल्योक, लेक न्हाई. लेकी असत्या तर आल्या असत्या. सुना काय, जायाच्याच आपापल्या आईकडं." बांगडी मनगटावर बसली. भाभींनी आतल्या बाजूला नजर टाकली. "तू ऱ्हायलीस तवापास्नं आक्का लय खूश हाय बघ."

तुम्ही चहा घेऊन आलात आणि भाभींनी विषय कुरडयांवर नेला. पण मला सगळं कळलं होतं. तुमचं मोजणं चुकलं नव्हतं. तुम्हाला एक महिना हवा होता, ज्यात घरातली पोर पोट सांभाळत अंगणात हिंडेल, तिला काय हवं नको ते तुम्ही बघाल, तिच्या निमित्तानं गल्लीतल्या बाया दारात थांबतील. तो महिना तुमच्या घराच्या वाट्याला रीतीनं कधी येणारच नव्हता. म्हणून तुम्ही तो अमावास्येच्या आडोशानं माझ्या आईकडून काढून घेतलात.

कळल्यावर मी भांडायला हवं होतं. मी काही केलं नाही. उलट मला फार बरं वाटलं, आणि मग मी तो महिना खुशाल उपभोगला. पहाटे तुम्ही भिजवलेला गहू वाटून चीक शिजवायच्या, हलवताना तुमचा अख्खा हात खांद्यापासून फिरायचा, आणि कुरडया घालण्याआधी पहिली वाटी माझी, वर दूध आणि गूळ. मी गच्चीवर पाय लांब करून ती गरम वाटी पोटावर टेकवून खायची. आतून अनू लाथ मारायची आणि वाटी हलायची. "तिलाबी पायजे," तुम्ही म्हणायच्या. मुलगी होणार हे तुम्ही कधीच ठरवून टाकलं होतं. बाजाराच्या दिवशी आपण दोघी स्टँडसमोर उसाचा रस प्यायचो. गाळेवाला आलं जास्त घालायचा, तुम्ही त्याला दर वेळी ओरडायच्या आणि दर वेळी तिथेच जायच्या. येताना तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर धरायच्या. तुमचं अर्धं अंग उन्हात असायचं. मी म्हटलं की तुम्ही म्हणायच्या, "मला काय हुतंय, मी काय दोघी हाय का?"

आणि विहीर. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, अविनाशलाही नाही. आपल्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर, उन्हाळ्यात कमरेएवढं पाणी राहिलेलं. मी रात्रभर झोपले नव्हते, पाठ मोडून आली होती. सकाळी तुम्ही म्हणालात, "चल, मळ्याकडं जाऊन येऊ." मळ्यात कुणी नव्हतं. तुम्ही माझा हात धरून एकेक पायरी उतरवलीत. शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. मी घाबरले. पोटुशी बाई विहिरीत उतरते कुठे, तिथे पाण्यातल्या आसरा असतात, त्या बाईला धरतात, हे मीही ऐकलेलं होतं.

"आसरास्नी म्या सांगून ठेवलंय," तुम्ही म्हणालात. "बस पाण्यात."

मी पाण्यात बसले. पाणी छातीपर्यंत आलं आणि पोटाचं सगळं ओझं गेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला माझं अंग माझं वाटलं. तुम्ही माझ्यामागे उभ्या राहिलात, पाठीखाली हात घातलात आणि म्हणालात, "सोड आता. मी धरलंय." मी अंग सोडलं. पोट पाण्यावर आलं, वर गोल आकाश, आणि कडेच्या दगडांतून चिमण्या आत-बाहेर करत होत्या. मी हसत होते का रडत होते ते मला सांगता येणार नाही. तुम्ही मात्र हसत होतात. तुमचं लुगडं सगळं भिजलं होतं. वर आल्यावर ते पिळताना म्हणालात, "आईला सांगू नगंस."

कोरडी नदी ओलांडू न देणाऱ्या बाईनं मला विहिरीच्या पाण्यात उतरवलं. मी तेव्हाच तुम्हाला म्हणायला हवं होतं की आत्या, तुमचा आठवा खोटा आहे हे मला माहीत आहे, आणि मी इथं राहिले याचा मला आनंद आहे. ओल्या साडीनं आपण बांधावरून चालत होतो. तुम्ही पुढे होतात. बोलायला एवढी जागा होती, एवढा वेळ होता, आणि मी फक्त म्हटलं, "उद्या परत येऊ या."

सांगलीला गेल्यावर व्हायचं तेच झालं. तुमच्या मोजणीनं नववा लागला म्हणून तुम्ही मला पाठवलंत. आईनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं आणि बाहेर येऊन तिनं बोटांवर मोजलं. मी खऱ्या आठव्याच्या ऐन मध्यावर प्रवास करून आले होते. आईचा चेहरा पडला. सातव्यात माझी लेक अडवून ठेवली आणि आठव्यात गाडीत घालून दिली, हे तिच्या मनाला इतकं लागलं की अनू सुखरूप झाली तरी ते निघालं नाही.

बारशाला तुम्ही आलात. डोक्याएवढं डिंकाच्या लाडवांचं पातेलं, गोधड्या, कुरडयांचे डबे. पाळण्याभोवती दहा-बारा बाया होत्या. आईनं सगळ्यांसमोर, अगदी गोड आवाजात म्हटलं, "विहीणबाई, मोजायला जरा चुकलातच तुम्ही."

तुम्ही पाळण्याची दोरी हातात धरून उभ्या होतात. "चुकलं बाई," म्हणालात. "आमी काय शिकलेल्या हाय व्हय? अडाणी मानसं आमी."

ज्या बाईनं चंद्री म्हैस कोणत्या दिवशी विणार ते आधीच सांगितलं आणि म्हैस त्याच दिवशी व्याली, ती बाई बाराजणींसमोर म्हणाली की मला मोजता येत नाही. मी बाजेवर बसले होते. मला सगळं ठाऊक होतं. मी अनूचं टोपडं नीट करत राहिले. तुमची बाजू घेतली असती तर आई दुखावली असती, खरं सांगितलं असतं तर तुमचं बिंग फुटलं असतं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. पण खरं कारण एवढंच की मला त्या वेळी दोघींच्या मध्ये पडायचं नव्हतं.

मग वर्षं गेली आणि त्या गोष्टीची आपण थट्टा केली. दिवाळीला आले की मी विचारायची, "आत्या, आता तरी कबूल करा. आठवा लागला नव्हता." तुम्ही पदरानं तोंड पुसायच्या. "लागला न्हवता तर मग मी कशाला म्हनंन?" "म्हणजे तुम्हाला मोजता येतं." "मला कुठलं येतंय." असं आपलं चालायचं. मला कारण ठाऊक होतं, तरी ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. मी मनाशी ठरवलं होतं, तुम्ही कबूल केलं की त्याच क्षणी सांगायचं, तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता. तुम्ही कबूल केलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. मला आता वाटतं, मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही हसून कबूल केलं असतंत. एवढी साधी गोष्ट होती.

या वेळी ते होणार होतं. दुसरं बाळंतपण सासरी, आता त्यात कुणाची आडकाठी नव्हती. फाल्गुनात तुमचा फोन आला. "चैत्र लागला की ये. औंदा गहू चांगला घावलाय. चीक करू." मी रजेचा हिशेब घातला. आत्ता घेतली तर बाळ झाल्यावर कमी उरेल, म्हणून म्हटलं, "नववा लागला की येते, आत्या. आत्ता आले तर नंतर पंचाईत होईल."

तुमच्या बाजूला चंद्रीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी मोजणी काढणार. म्हणाल, आगं नववा लागतोयच की, येत्या आमावशेला. मी वाटच बघत होते. तुम्ही म्हटलं असतं तर मी आले असते, आत्या. नाक मुरडत, कुरकुरत, पण आले असते.

"बरं," तुम्ही म्हणालात. "तुला बरं पडंल तसं कर."

तुम्हाला बारशातलं ते बोलणं आठवलं असेल का? एकदा मोजणीवरून बोल लागला म्हणून या वेळी मोजायचंच नाही, असं ठरवलंत का? का सुनेच्या नोकरीचा मान ठेवलात? हे मी आता कुणाला विचारू? चैत्र सरायच्या आत तुम्ही अंगणात चंद्रीला पाणी दाखवायला गेलात आणि तिथेच खाली बसलात. जैनबभाभींनी पाहिलं. माझ्या रजेचा अर्ज तेव्हा टेबलावर तसाच पडून होता, पुढच्या महिन्याची तारीख घातलेला.

तेराव्यानंतर अविनाश आम्हाला भेटायला साताऱ्याला आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी त्याला जेवायला वाढलं आणि म्हटलं, "उद्या मला वडूजला सोड. बाळंतपण तिकडेच."

"तिथं आता कोण आहे?" तो म्हणाला. "आणि आठव्यात?"

"नववा लागलाय."

त्याने हातातला घास ताटात ठेवला. तो तुमचाच मुलगा, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागला. दोन-तीन पेरं झाली, मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि अंगठा थांबला. "लागला असेल," तो म्हणाला, आणि पुढे त्याला जेवता आलं नाही.

आईला फोन करून सांगितलं. तीही मोजणार हे मला माहीत होतं. "नीट मोजलंस का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "आत्या मोजायच्या तसं मोजलं." पलीकडे आई नाक ओढत होती. मास्तरीण आहे, रडताना कुणाला कळू देत नाही. "मग मीच येते तिकडं," ती म्हणाली. "त्यांच्या घरात माझ्या हातचं चालेल ना गं त्यांना?" हे तिनं सहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. पण हा दोष तिला एकटीला कसा लावू? मलाही तो तसाच लागतो.

येताना माहुलीच्या पुलावर मी अविनाशला गाडी हळू घ्यायला सांगितली. खाली कृष्णेला पाणी होतं, चांगलं वाहतं. खऱ्या आठव्यात, खरी नदी ओलांडून आले, आत्या. पुढे येरळा लागली, तिथे अजून पोरं क्रिकेट खेळतायत.

दाराची किल्ली जैनबभाभींकडे होती. चंद्रीही सध्या त्यांच्याच दावणीला आहे. शेजारच्या दोन बाया ओट्यावर आल्या, माझ्या पोटाकडे बघून एकीनं कपाळाला आठ्या घातल्या. "कितवा गं? आठव्यात आलीस का काय, आन् त्येबी असल्या घरात?"

मी तोंड उघडायच्या आत भाभी म्हणाल्या, "नववा हाय तिला. म्याच मोजलाय." आणि कुलूप काढून मला आत घेतलं.

ओसरीवर तुमच्या चिकाच्या गव्हाचं पोतं आहे. निवडून, तोंड बांधून ठेवलेलं. घमेलं गोठ्यात पालथं होतं. अनूनं ते ओढत लिंबाखाली आणलं, भाभींनी दोन घागरी ओतल्या. मी पाय बुडवून बसलेय आणि अनू समोर बसून तिचे पाय माझ्या पायांवर घासतेय. उद्या आई येईल. मग गहू भिजत घालू. चीक तुमच्यासारखा साधणार नाही, आई हलवताना मनगट फिरवते, खांदा नाही.

भांडण मिटवायला आले होते, आत्या. तुम्ही कबूल करायची काही गरज नाही. त्या वर्षी तुमचीच मोजणी बरोबर होती. अमावास्येला आठवा लागला होता.